टाकीतला चंद्र

२२ नोव्हेंबर, शनिवार

पतपेढीनं दिलेली ही डायरी वर्षभर देव्हाऱ्याखाली कोरी पडून होती. आज संदेश सर बोलले, जे बघाल ते रोजच्या रोज लिहून ठेवा. म्हणून काढली. वर्ष संपताना डायरी सुरू केलेली बघून आमचे हे हसले. हसू देत.

खरं तर मी वर गेली होती भांडायला. आमच्या मोहपाड्याच्या टेंभ्यावर, म्हणजे टेकडीवर, तीन वर्षांमागं पत्र्याचा गोल चकचकीत घुमट उभा राहिला, तेव्हा सगळ्या बायांना वाटलं नळाची टाकी आली. शेजारच्या जनानं तर हंडे घासून ठेवले होते. पाणी काय आलं नाय. मग कळलं, ती वेधशाळा. कल्याण-बदलापूरची नोकरीवाली माणसं पदरचा वेळ घालून चालवतात, अवसेच्या आगंमागं येतात आणि जो येईल त्याला फुकट तारे दाखवतात. आमी अजून टाकीच म्हणतो.

तर आज त्यांच्याकडं आलेल्या एका गाडीनं माझ्या वालाचा अख्खा बांधाकडचा पट्टा चेपला. नुकता कुठं वेल धरला होता. मी पदर खोचला आणि बॅटरी घेऊन टेंभा चढली. वर अंधारात माणसंच माणसं. मी तोंड उघडणार तेवढ्यात कोणतरी हळूच बोललं, ताई, बॅटरी विझवा आणि रांगेत या. आता रांगेत उभं राहून कसं भांडायचं? माझ्या पुढच्या बाईनं सरकून जागा दिली. मी उभी राहिली.

नंबर आला तसा दुर्बिणीला डोळा लावला. काळ्याभोर अंधारात एक बारका पिवळा मणी, त्यातून आरपार सुई घातलेली. तो शनी. ती सुई म्हणजे त्याचं कडं, यंदा आपल्याकडं धार करून आहे म्हणून तसं दिसतं. माझा हात आपोआप तोंडावर गेला. ज्या शनीला आमी दर शनिवारी तेल घालतो तो खरोखरचा तिथं लोंबकळतोय, आणि मला कोणी बोललं नाय आजवर.

मी परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तीनदा बघितला. वालाचं खाली उतरताना आठवलं. परत वर जाऊन सांगितलं तेव्हा वेधशाळा चालवणाऱ्या संदेश सरांनी स्वतः माफी मागितली, आता गाड्या देवळापाशीच अडवू बोलले. गावातलं कोणी मदतीला मिळालं तर बरं होईल, तेही बोलले. मी बोलली, मी येते.

३० नोव्हेंबर

आयला शनीचं सांगून आठवडा झाला. ती ढिम्म. आय म्हणजे माझी सासू, देवकी. आमच्या आळीत सगळ्यांत वडील. संकष्टीला तिनं चंद्राला ओवाळल्याशिवाय आळीतली एक बाई पान मांडत नाय, असा मान. बोलते, लोखंडाच्या डब्यात डोकं घालून काय बघायचं?

अलीकडं तिचा ताठा वाढलाय. परवा जना दारात येऊन उभी, हातभरावर, तरी आयनं ओळख दाखवली नाय. जनानं हाक मारली तेव्हा बोलते, तू काय गो, ये. जना फुगून बसली. तांदूळ निवडायचंही सोडलंय तिनं, माझ्यापुढं सूप सरकवते. मी ओसरीवरचा बाक जरा इकडचा तिकडं केला तर दिवसभर घर डोक्यावर घेतलं. म्हातारपणी माणसं अशी होतात, असं हे बोलतात. मला वाटतं मी टेंभ्यावर जायला लागली तो राग आहे. मुळीच थांबणार नाय मी.

७ डिसेंबर, संकष्टी

आज विचित्रच झालं. आमच्या पूर्वेला डोंगर. कॅलेंडरात चंद्रोदय कधीचाही असो, आमच्या अंगणात तो बराच उशिरा येतो आणि पोटात कावळे ओरडत असतात. दरवेळी आयच्या शेजारी बुधी बसलेली असते. बुधी वरच्या ठाकूरवाडीतली, आयची जन्माची मैत्रीण. दोघींचं एवढं गुळपीठ की ओवाळतानाही बुधी आयचं कोपर धरून उभी. पण दिवाळीपासून बुधी उंबरमाळीला लेकीकडं गेलीय.

चंद्र उगवायचाच होता. मी आत भाकऱ्या थापत होती. बाहेर आली तर आय ताट घेऊन दक्षिणेला तोंड करून उभी, आणि ओवाळतेय कोणाला? गावाबाहेरच्या फार्महाऊसच्या खांबावरच्या मोठ्या दिव्याला. मी बोलली, आय, तो दिवा आहे, चंद्र अजून यायचाय. तर बोलते, माहीत हाय मला, आधी दिशा बांधून घेते. असली रीत मी लग्न होऊन आल्यापासून बघितली नाय. पण तिच्याशी वाद कोण घालणार. चंद्र आला तेव्हा परत ओवाळायला लावलं, तर ताट माझ्या हातात दिलं आणि आत गेली. जेवलीपण नाय धड.

१३ डिसेंबर, शनिवार

आज घुमटाचं छप्पर मी एकटीनं फिरवलं. दोरी ओढायची, अडकली की जरा मागं घ्यायची. विहिरीच्या रहाटासारखंच, त्यात काय. गुरूपण मीच लावला दुर्बिणीत. त्याच्या बाजूला चार चंद्र, एका रेषेत. डोंबिवलीच्या एक बाई मला मॅडम बोलल्या. दोनदा बोलल्या.

फार्महाऊसच्या त्या दिव्यानं दक्षिणेचं सगळं आभाळ पांढरं होतं. सर बोलले, आम्ही तीनदा विनंती केली, कोण ऐकत नाही. मी बोलली, मी बघते.

१९ डिसेंबर, अवस

सरांनी खास आमच्या पाड्यासाठी कार्यक्रम ठेवला आणि ठेवला तो अवसेलाच. आभाळ सगळ्यांत काळं असतं म्हणे. अवसेच्या रात्री आमच्याकडं बाया-पोरं उंबरा ओलांडत नाय, हे मला माहीत. तरी ईर्षेनं घरोघर सांगत फिरली. सगळ्या हो हो बोलल्या. आली एकपण नाय. सर, अक्षय आणि मी, तिघं चार थर्मास चहा घेऊन बसलो. अक्षय म्हणजे त्यांच्यातला सगळ्यांत तरुण, कल्याणचा. तो बोलला, गावातल्या लोकांना इंटरेस्ट नसतो. माझ्या तोंडावर. मी त्याला बोलली, तुझ्या आजीला विचार अवसेला ती कुठं जाते. त्यानं माझ्या कपात चहा ओतला. उतरताना माझे डोळे भरून आले ते अंधारात कोणाला दिसले नाय.

२१ डिसेंबर

झालं कल्याण. चंदर भाऊजींची म्हैस गाभडून मेली, नेमकी अवसेच्या रात्री. भाऊजी म्हणजे माझे चुलत दीर, पंचायतीचे मेंबर. त्यांनी गोठ्यातून टेंभ्यावर लाल दिवे हलताना बघितले. आता पाड्यात एकच बोलणं, टाकीवाले अवसेला वर काहीतरी करणी करतात. लाल उजेड, हळू बोलणं, आणि दर अवसेला, नेमानं. नीट बघितलं तर त्यांचंही काय चुकलं? मलाच कोणी लांबून सांगितलं असतं तर मीही लिंबू-मिरची बांधली असती.

मी जाऊन समजावलं, भाऊजी, अंधाराला सरावलेला डोळा पांढऱ्या उजेडानं बिघडतो, लाल उजेडानं नाय, म्हणून लाल बॅटरी. ऐकून घेतलं आणि बोलले, वहिनी, तुमी शिकलेल्या, पण म्हैस माझी गेलीय. टेंभा गावाच्या गुरचरणीचा, टाकीला परवानगी तीन वर्षांची होती ती संपतेय. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ते विरोधात बोलणार. परवानगी नाय मिळाली तर सर दुर्बीण उचलून माळशेजकडं नेणार, तशी त्यांची बोलणी चालूच आहेत.

टाकी जाऊ द्यायची नाय. हे इथं लिहून ठेवते.

२४ डिसेंबर

सुचलं! भाकरी तव्यावर जळाली तेव्हा सुचलं. सहा जानेवारीला अंगारकी आहे. आख्खा पाडा उपाशी, आख्खा पाडा आभाळाकडं बघत बसणार, आणि चंद्र नवाच्या पुढं. म्हणजे तोवर काळोख. शनी, गुरू, मृगातल्या तीन ताऱ्यांचं तिकांडं, सगळं बघून होईल. वर टेंभ्यावर डोंगराची आडकाठी नाय, तिथं चंद्र आमच्या अंगणापेक्षा कितीतरी आधी दिसतो. उपास लवकर सुटेल. कोण नाय म्हणेल? ताटं घेऊन वर यायचं, तिथंच ओवाळायचं, तिथंच जेवायचं.

सरांना फोन केला. ते आधी बोलले, चंद्राच्या दिवशी आकाशदर्शन ठेवत नाहीत. मी बोलली, सर, तुमाला काळोख पाहिजे का माणसं? ते बोलले, ठेवू या.

२८ डिसेंबर

फार्महाऊसचा रखवालदार शाम, त्याच्याकडं गेली. मालक मुंबईला असतो, अंगारकीच्या रात्री दिवा बंद ठेवला तर त्याला काय कळतंय. बिरड्याचं जेवण कबूल केल्यावर तयार झाला.

घरी येऊन खुशीत सांगितलं तर आय भडकली. तो दिवा कशाला घालवताय, तुमचं काय घेतलं त्यानं, असं नाय नाय ते बोलली. मला समजेना. आजवर त्याच दिव्यानं झोप लागत नाय म्हणून शिव्या द्यायची. मी पण चिडून बोलली, आय, दिवा तुमच्या माहेरचा आहे काय? मग दोघी जेवलो नाय.

३ जानेवारी

बाया आयकडं बोट दाखवतात. देवकी आय जात असल तर आमी येतो. आणि आय हलेना. आज गुडघे, काल थंडी, परवा देवाला ते चालायचं नाय. मी हात जोडले, पाय धरले, मग भांडली. मी बोलली, ठीक आहे, तुमी घरात बसा, वर मी ओवाळीन तुमच्या जागी, सून म्हणून.  तिचा चेहरा बघून मला माझंच वाईट वाटलं, पण शब्द मागं घेतला नाय.

संध्याकाळी बुधी आली, उंबरमाळीहून परतली. दोघी ओसरीवर बराच वेळ कुजबुजत होत्या. जाताना बुधीनं मला गोठ्यामागं बोलावलं. बोलली, "तिला वर ने. पन मी संगं येन, मी तिचा हात धरीन. आनं पोरी, तू तिच्यावं वरडू नको गो." मला वाटलं गुडघ्यांचं बोलतेय. बोलली, धर की, नाय कोण बोलतंय.

६ जानेवारी, अंगारकी

रात्र फार झालीय, पण आजच लिहायला पाहिजे.

आय आली. सकाळीच बोलली, येते. नऊवारी नेसली, नथ घातली. ह्यांनी दुपारी कोणाला न सांगता टेंभ्याच्या वाटेवरचे दगड बाजूला केले होते, ते मला चढताना कळलं. बुधी आयचं कोपर धरून पुढं, मागं आख्खी आळी ताटं घेऊन. चंदर भाऊजींची बायकोपण होती, भाऊजी नव्हते. शाम शब्दाला जागला, दिवा बंद. असा काळोख मी पाड्यात कधी बघितला नव्हता.

शनी बघून जना ओरडली, अगो सुई! पोरांनी गुरूचे चंद्र मोजले. अक्षयनं तिकांडं दाखवलं तर बाया हसल्या, ते काय आमाला माहीत नाय होय, असं बोलल्या. तोही हसला. आय मात्र बाकावर बसून. दोनदा विचारलं, बोलली, मी चंद्रच बघीन, बाकीचं तुमी बघा.

चंद्र डोंगराच्या मोकळ्या खिंडीतून वर आला. सगळ्या उठल्या. नेहमीसारखं पहिलं आयनं. मीच पुढं होऊन बोलली, आय, आज आधी दुर्बिणीतून बघा, मग ओवाळा. बुधी काहीतरी बोलायला गेली, पण आयनंच तिचा हात सोडला.

संदेश सरांनी स्टूल दिलं. आयला डोळा कुठं लावायचा कळेना, कपाळच आपटलं नळीवर. मी तिचं डोकं धरून डोळा नळीशी आणला. तिचं डोकं एवढं हलकं होतं. मी विचारलं, दिसला? ती नळी चाचपत राहिली. रांगेतल्या बाया थांबल्या. मी म्हटलं दुसऱ्या डोळ्यानं बघा. तिनं तोंड फिरवलं, डावा डोळा लावला.

आणि तशीच राहिली. चंद्र सरकून जायचा, सर हळूच दुर्बीण सरकवायचे. मला वाटलं तिला झोप लागली. मग ती बोलली, "एका अंगानं चेपलाय. भाकरीला अंगठा लागतो तसा."

मी बोलली, होय आय, पुनव होऊन तीन दिवस झाले ना.

ती नळीवरचा डोळा न काढता बोलली, "ह्यो खरा हाय ना गो नमू? का ह्योपन फारमावरचा दिवाच?"

 जनाच्या हातातलं ताट खाली आलं. मला सगळं एकदम कळलं, सूप, बाक, जना, तो दिवा, बुधीचं कोपर धरणं, सगळं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. बोलली, खरा आहे, आय. देवाशपथ खरा आहे.

बुधी मागनं बोलली, दोन सालं झाली तिला दिसत नाय, मला सांगू देत नव्हती. मान जाईल बोलायची, चंद्र दिसत नाय ती ओवाळनार कशी, मंग सगळ्या आपल्या आपल्या घरी ओवाळतील.

आय उठली. नथीखाली पाणी ओघळत होतं पण आवाज खणखणीत. ताट मागितलं. चंद्राकडं मी तिचे खांदे वळवले नाय, मुद्दाम. दुर्बिणीचं तोंड जिकडं होतं तिकडं हात लावून तिनं दिशा घेतली आणि बरोबर ओवाळलं. मग आळीनं पानं मांडली. बिरडं सरांना फार आवडलं. शामला डबा ह्यांनी नेऊन दिला.

घरी आल्यावर मी खूप रडली. एका घरात राहून मला दिसलं नाय, आणि मी शनी बघायला टेंभा चढत होती. आय बाहेरून बोलली, रडणं झालं असेल तर बाक जागेवर ठेव. ठेवला.

८ जानेवारी

शहापूरला सरकारी दवाखान्यात गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा जरा बरा, उजवा पार पिकलेला. बाई डॉक्टर होत्या. बोलल्या, एवढे दिवस काय करत होता? आय बोलली, संसार. ऑपरेशनला महिनाअखेरची तारीख मिळाली. तोवर ग्रामसभा होऊन जाईल, ते एक बरं.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं आणि सभा बसली. चंदर भाऊजी आधी बोलले, म्हशीचं, लाल दिव्यांचं, गुरचरणीचं. वाईट नाय बोलले, पण ठाम बोलले. संदेश सरांनी लाल बॅटरी सगळ्यांच्या हातात फिरवली. पुरुष माना हलवत होते, कुठल्या बाजूनं हलवत होते ते कळत नव्हतं. मी बोलायला उठली. घरी आरशापुढं केलेलं भाषण सगळं विसरली. एवढंच बोलली की अवसेला बोलावलं ही चूक आमची, टाकीची नाय.

मग मागून आय उठली. ग्रामसभेत ती कधी आलीच नव्हती. हातानं बायांचे खांदे चाचपत पुढं आली. बोलली, "मी माझ्याच घरात भिंती चाचपीत होती, ते घरात कोनाला कळला नाय, गावात कोनाला कळला नाय. त्या टाकीत गेली तवा कळला. चंदर, तुझी म्हस गेली त्याचा मलापन वाईट वाटला. पन टाकी काढायची तर माझे डोळे झाल्यावर काढा. मला आधी शनी बघायचाय. ही पोर दोन महिने माझं डोकं खातेय."

लोक हसले. भाऊजीपण खाली मान घालून हसले. शेवटी ठरलं, एक वर्ष परवानगी, पुढचं पुढच्या वर्षी. आणि अट, अवसेच्या रात्री टाकी बंद. सरांचा चेहरा पडला, अवसच त्यांची खरी रात्र. मी त्यांना बोलली, सर, आगंमागंचे दिवस आहेत, संकष्टी आहे, आणि पुढल्या ग्रामसभेत अटीचं मी बघते. एकच वर्ष मिळालं, पण मिळालं.

५ फेब्रुवारी, संकष्टी

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला. आय काळा चष्मा लावून मिरवते. काल जनाला लांबूनच हाक मारून बोलली, तुझी साडी उलटी आहे. नव्हती, पण जना खूश झाली.

टेंभा चढायला डॉक्टरांनी अजून मनाई केलीय, म्हणून आज अंगणातच. बुधी आली पण बाजूला बसली. आळी जमली. डोंगरावर चंद्र यायला नेहमीसारखा उशीर. आला तसा आयनं चष्मा कपाळावर सारला आणि एकटीनं ओवाळलं, बरोबर दिशेला. मी विचारलं, दिसला ना नीट? बोलली, दिसला, पण टाकीतला बरा होता.

मग ताट हातात तसंच घेऊन ती दक्षिणेला वळली. फार्महाऊसचा तो मोठा दिवा नेहमीसारखा जळत होता. आयनं त्याच्याकडं नीट बघून घेतलं आणि त्यालाही एकदा ओवाळलं. मी बोलली, आय, हे काय, आता तर दिसतंय तुमाला.

"दिसतोय म्हनूनच," ती बोलली. "मला चंद्र नव्हता तवा ह्यो येळेवर उगवायचा."

शामला सांगायला पाहिजे, दिव्यावर झाकण बसव, पण काढू नको. मग आमी जेवलो.